सुगंधाची साक्ष

रुग्णालयाच्या लॉंड्रीत येतात ते कपडे नसतात. ती गाठोडी असतात. बाहेरून कोमट, आतून ओली, आणि गाठ सुटली की आपले सगळे पोट समोरच्यापुढे रिकामे करणारी. चादरीत रक्त असते, पू असतो, विष्ठा असते. कधी एखादी कवळी निघते, कधी चिमटा, कधी कुणाच्या केसांचा पुंजका. ज्या खोलीत ही गाठोडी सोडून डागांप्रमाणे वेगळी केली जात तिला सगळे छाननी म्हणत. छाननीला खिडकी नव्हती. छताला एक पंखा होता. तो वास घालवत नसे, नुसता ढवळत असे.

छाननीच्या टेबलाशी एक चाळिशी ओलांडलेला अविवाहित माणूस उभा राही. त्याला सगळे बिशप म्हणत. हे नाव त्याला समोर उभ्या राहणाऱ्या बाईने दिले होते, आणि त्या बाईला उरलेल्यांनी रेडिओ हे नाव दिले होते, कारण कामाला लागल्यापासून सुट्टी होईपर्यंत ती बंद होत नसे. बिशप डबा उघडण्याआधी डोळे मिटून इतका वेळ बसे की शेजारच्यांचे हात धुऊन झालेले असत.

"बिशप, देवाला म्हणावं थोडं आवरतं घे," रेडिओ म्हणे. "जेवण गार झालं की देव काय गरम करून देणार आहे?"

तो हसे. पण तो डोळे मिटून बसे त्यात भक्ती थोडी होती, मळमळ थांबण्याची वाट पाहणे जास्त होते. इतरांची नाके केव्हाच मेली होती. त्याचे नाक हट्टाने जिवंत राहिले होते. रबरी हातमोजे काढून कितीही साबण लावला तरी तळहाताला एक गोडसर, शिळा दर्प चिकटून राही, आणि घास तोंडाशी नेताना तोच आधी आत शिरे. याची त्याला लाज वाटे. ज्या प्रभूने महारोग्यांच्या अंगाला हात लावला त्याचे नाव आपण घेतो आणि एका चादरीने आपल्याला ओकारी येते. म्हणजे आपले प्रेम ओठांपुरतेच आहे, असा त्याने स्वतःवर निकाल देऊन टाकला होता.

घरी दुसरी जखम वाट पाहत असे. त्याच्या आईला जुना मधुमेह होता. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली, तळव्याला, बटणाएवढे भोक पडले होते, आणि ते भरत नव्हते. डॉक्टरांनी बिशपला बाजूला घेऊन सांगितले होते, "त्यांना दुखणार नाही. पायातली जाणीव गेली आहे. दुखणं हा पहारेकरी असतो, तो त्यांच्याकडे नाही. म्हणून रोज ड्रेसिंग करताना तुम्ही बघायचं. रंग बदलला, वास आला, त्याच दिवशी इकडे आणायचं. उशीर झाला तर पाय जाईल."

आई आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवत आली होती. तिची जीभ अजून कात्रीसारखी चाले. तिला मरणाची भीती नव्हती. तिची भीती एकच होती.

"पाय गेला तर तू मला भांड्यावर बसवशील," ती म्हणे. "मुलानं आईला भांड्यावर बसवायचं आणि बाहेर उभं राहून विचारायचं, झालं का. त्यापेक्षा सरळ पुरून टाक मला. संडासापर्यंत माझी मी जाईन, तोवरच मी माणूस."

तो रोज संध्याकाळी तिच्या पलंगाशी स्टुलावर बसे, पट्टी सोडी, आणि पट्टीचा शेवटचा वेढा कातडीपासून सुटताना जो ओलसर आवाज येई त्या आवाजाबरोबर त्याचे जठर वर येई. कित्येकदा तो अर्ध्यातून उठून बेसिनकडे धावे. आई छताकडे पाहत म्हणे, "गरोदर बाईलाही होत नाहीत इतक्या उलट्या." तिच्या आवाजात थट्टा असे, पण परत येताना तो तिच्या चेहऱ्याकडे बघायचे टाळी, कारण आपली किळस आल्याचे कोणत्या आईला कळत नाही?

त्याच सुमारास त्याच्या चर्चच्या मंडळीला नवे पाळक मिळाले. वयाने तरुण, आवाजाने मऊ, हातांनी गोरेपान. त्यांनी दर बुधवारी मनाच्या राखणीचा वर्ग सुरू केला. ते सांगत, "मन हे घर आहे आणि त्याच्या दारावर तुम्हालाच बसायचं आहे. जे प्रभूकडे नेत नाही त्याला आत घेऊ नका. हात खाली राबू देत. मन वर असू द्या." प्रत्येकाने दिवसातले सर्वांत नकोसे काम निवडायचे आणि ते मन वर लावून करायचे, असा नेम होता. त्याला पाळक अर्पणाचे काम म्हणत. एका काकूंनी भांडी निवडली, एका निवृत्त कारकुनाने सुनेशी बोलणे निवडले. बिशपने आईचा पाय निवडला.

आरंभी ते साधत नव्हते. वास दारावर थापा मारी. तो तोंडाने श्वास घेई, ओठांत प्रभूचे नाव घोळवी, नजर पायावरून उचलून पलंगामागच्या भिंतीवर ठेवी. हातांना क्रम पाठ झाला होता: मिठाच्या पाण्याचा बोळा, मलम, जाळी, पट्टी, गाठ. हातांना मनाची गरज उरली नव्हती. हळूहळू भिंत पातळ होत गेली. तिच्यापलीकडे एक शांत, बिनरंगी विस्तार होता. त्यात तो उभा राही, आणि खाली कुठेतरी, विहिरीच्या तळाशी चालावेत तसे, त्याचे हात चालत. मग एका संध्याकाळी वास दाराशी आलाच नाही. काही दिवसांनी तर त्या विस्तारातून एक झुळूक आली, आणि तिला सुगंध होता. फुलांसारखा, पण कोणत्याही एका फुलाचा नाही. तो स्टुलावरच रडला. आई त्याच्याकडे पाहत राहिली.

छाननीतही त्याने तोच अभ्यास चालवला. गाठोडे सुटे, डाग वेगळे होत, आणि तो तिथे नसे. रेडिओच्या बडबडीला त्याच्याकडून हूं देखील येईनासे झाले.

"ह्याला झालंय काय? पूर्वी निदान तोंड तरी वाकडं करायचा," ती मुकादमाला म्हणाली. "आता मढ्यासारखा हसतो."

एका दुपारी धुलाईच्या मोठ्या पिंपातून खडखडाट ऐकू आला. यंत्र बंद पडले. आतून शस्त्रक्रियेची कात्री निघाली. बिशपच्या टेबलावरून गेलेल्या चादरीत ती गुंडाळलेली होती. मुकादमाने ती त्याच्या नाकासमोर धरली.

"ही दिसली नाही तुला?"

"नाही."

"हाताला लागली नाही?"

"माझं लक्ष वर होतं."

"वर पंखा आहे," मुकादम म्हणाला. "बाकी जे काय आहे ते सगळं टेबलावर आहे. तुझा पगार टेबलाचा आहे."

बिशपने मान खाली घातली आणि मनात मुकादमासाठी प्रार्थना केली. अशी माणसे दाराबाहेरच राहतात, असे त्याला वाटले, आणि त्या वाटण्यात एक बारीक, ऊबदार सुख होते.

पुढच्या बुधवारी त्याने वर्गात साक्ष दिली. किळस कशी गेली, वास कसा गेला, सुगंध कसा आला. कुणी आमेन म्हणाले, कुणी डोळे टिपले. कारकून म्हणाला, "माझी सून अजून तशीच आहे, पण तुमचं ऐकून उभारी आली." पाळकांनी त्याचे दोन्ही हात आपल्या मऊ हातांत घेतले आणि ही साक्ष रविवारी सगळ्या मंडळीसमोर व्हायला हवी असे सांगितले. त्या रविवारी तो पुलपिटाशी, पाळक प्रवचन देतात त्या उंच जागी, उभा राहिला. आपला आवाज इतका स्वच्छ असू शकतो हे त्याला ठाऊक नव्हते. बाकांवरचे चेहरे वर वळलेले होते, आणि त्या सगळ्या चेहऱ्यांत त्याला आपलाच चेहरा दिसत होता, धुऊन, इस्त्री करून ठेवलेला.

त्याच दुपारी त्याची थोरली बहीण, ताई, आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राही आणि नवऱ्याच्या आजारपणामुळे बरेच दिवस फिरकली नव्हती. बिशपने दार उघडले. ती उंबऱ्यावरच थांबली. तिने पदर नाकाला लावला.

"काय मेलंय रे इथे?"

"कुठे काय?"

"अरे, जिन्यापासून येतोय. उंदीर मेलाय का माळ्यावर?"

"काही नाही, ताई. ये ना आत."

ती आत आली ती वासाच्या मागे, कुत्रे जाते तशी, सरळ आईच्या खोलीत. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या गालांवर तापाची लाली होती. सकाळी उपासनेला निघताना बिशपला ती प्रसन्नता वाटली होती. ताईने पांघरूण दूर केले आणि पट्टी सोडायला घेतली. पट्टी सुटेना. ती काही ठिकाणी हिरवी झाली होती, काही ठिकाणी चहाच्या गाळासारखी.

शेवटचा वेढा सुटला.

अंगठा काळा होता. शेजारचे बोट अर्धे काळे, अर्धे जांभळे. बटणाएवढे भोक आता तळव्याच्या मध्यापर्यंत पसरले होते, आणि त्याच्या कडा उकडलेल्या कातडीसारख्या पांढऱ्या, फुगीर, सुट्या झाल्या होत्या. ताईने कडेला जरा बोट दाबले तर करड्या पाण्याचा एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

"हे तू रोज बघत होतास?" ताईने विचारले. ती ओरडली नाही.

तिने आईला उचलायला गादीखाली हात घातला तर हाताला काहीतरी लागले. साबणाच्या वडीचे चाकूने कापलेले तुकडे होते ते, फुलांच्या वासाचे. गादीच्या कडेला, उशीच्या खोळीत, पायाजवळच्या चादरीच्या घडीत, सगळीकडे खोचलेले.

"आई, हे काय?"

"मीच ठेवलेत," आई म्हणाली. "त्याला त्रास नको म्हणून."

बिशपच्या आतले दार त्या वाक्याने उघडले. वास आला. एका दिवसाचा नव्हे. बाहेर ताटकळत ठेवलेला सगळा वास एकदम, गोड, कुजका, आणि त्याच्या वर तरंगणारा तो स्वस्त साबणाचा सुगंध. तो सुगंध त्याने ओळखला, आणि बेसिनपर्यंत पोचू शकला नाही.

त्याच्याच रुग्णालयात डॉक्टरांनी पाय पाहिला, मग त्याच्याकडे पाहिले.

"वास कधीपासून येतोय?"

त्याने आईच्या अंगावरची चादर सरळ केली.

"सांग ना," ताई म्हणाली. "कधीपासून?"

"मला येत नव्हता."

"सर्दी होती का?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही."

डॉक्टरांनी आणखी काही विचारले नाही. त्यांचे ते न विचारणे बिशपच्या अंगावर कितीतरी वेळ ओल्या चादरीसारखे राहिले.

शस्त्रक्रियेआधी तो आईजवळ बसला. तिच्या हातात सलाईनची सुई होती.

"तुला वास येत होता," तो म्हणाला.

"मला नाक आहे."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"कधी सांगायचं? तू बसलास की तुझी प्रार्थना सुरू. उठलास की लगेच स्वयंपाकाला. तुझ्या बाबांनी या घरात एकच नियम घातला होता, प्रार्थनेतल्या माणसाला हाक मारायची नाही. अंगावर छप्पर आलं तरी. आयुष्यभर पाळला मी तो. त्या माणसाचं दूध उतू जायचं तरी मी गप्प." तिने सुईवरची चिकटपट्टी चाचपली. "आणि तू इतका छान दिसायचास. आधी माझ्या पायाकडे बघून तुझं तोंड व्हायचं ना, ते मला बघवायचं नाही. मग एकदम शांत दिसायला लागलास. लहानपणी झोपेत दिसायचास तसा. म्हटलं, याला कुठेतरी सुख लागलंय, लागू दे. पाय काय, आज ना उद्या..."

"तुला भांड्यावर बसायचं नव्हतं."

"नव्हतं बसायचं," आई म्हणाली. "पण तू रडलास ना त्या दिवशी आनंदानं. मग मी साबण वाढवला."

पाऊल अर्धे गेले. टाच राहिली. डॉक्टर म्हणाले, जखम भरली, पुन्हा चिघळली नाही, तर काठीच्या आधाराने चार पावले टाकता येतील. चिघळली तर पुढचा छेद गुडघ्याखाली असेल.

त्या दिवसांत छाननीत येणारे प्रत्येक गाठोडे बिशपला आईचे वाटे. त्याच रुग्णालयाची चादर, तेच रक्त. कोणती तिची हे कळायला मार्ग नव्हता. तो प्रत्येक चादर उलगडून बघे. वास पूर्ण येई, पूर्वीपेक्षा जास्त येई, आणि तो टेबलाची कड धरून उभा राही. स्वतःची त्याला चादरींहून जास्त किळस येत होती. कुजलेल्या मांसावर बसून स्वर्गाच्या गप्पा मारणारी माशी आपण. आणि त्या माशीला सगळ्या मंडळीने आमेन म्हटले.

"बिशप, बरा आहेस ना?" रेडिओने विचारले. "तोंड पुन्हा वाकडं झालंय तुझं. म्हणजे माणसात आलास."

पाळक वॉर्डात भेटायला आले. पलंगाशी येताच त्यांचा रुमाल आपोआप नाकाकडे गेला. त्यांनी डोळे मिटले आणि प्रभूच्या अगम्य योजनेबद्दल आभार मानायला सुरुवात केली. आई त्यांच्या बंद पापण्यांकडे टक लावून पाहत होती. बिशपला घशात आंबट पाणी आले.

व्हरांड्यात तो म्हणाला, "पाळकसाहेब, मला माझी साक्ष मागे घ्यायची आहे."

"भाऊ, दुःखात असं वाटतं. पण अनुभव तो अनुभव. तो सुगंध..."

"तो साबण होता."

"म्हणजे?"

"आईनं गादीत खोचलेला. माझ्यासाठी."

पाळकांनी रुमालाची घडी घातली. मग त्यांच्या चेहऱ्यावर तोच मऊपणा परत आला. "देव साबणाचाही उपयोग करतो. आणि खरं सांगू का, तुमच्या साक्षीनं फार काम केलंय. वर्गातल्या त्या काकू आहेत ना, भांडीवाल्या. त्यांच्या यजमानांना पडून पडून पाठीला जखमा झाल्यात. काकूंनी भांडी सोडून आता तेच काम निवडलंय, अगदी तुमच्या पद्धतीनं. परवा म्हणत होत्या, वास कमी झाला."

बिशप त्यांच्या हातांकडे बघत राहिला.

"त्यांचं घर कुठे आहे?"

"आत्ता? अहो, रविवारी भेटतीलच की."

"आत्ता."

काकूंनी दार उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ती शांती होती. बिशपने ती ओळखली, आणि एखाद्याच्या अंगावर आपला चोरीला गेलेला कपडा दिसावा तसा तो शहारला. त्यांनी त्याला आनंदाने आत नेले. म्हातारे कुशीवर झोपले होते. खोलीत वास होता.

"काकू, इथे या. असं वाका. नाकानं श्वास घ्या."

"अहो भाऊ, मला आता काही..."

"प्रभूसाठी घ्या."

त्या वाकल्या. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग आक्रसला, मग त्या तोंडावर हात दाबून मागे सरल्या. "शी," त्या म्हणाल्या, आणि लगेच नवऱ्याकडे अपराध्यासारखे पाहिले.

"हीच खरी शी, काकू. हिला बाहेर ठेवू नका. उद्या सकाळी यांना दवाखान्यात न्या."

म्हातारे न वळताच म्हणाले, "देवा, कुणीतरी बोललं एकदाचं."

आई घरी आली. टाके घातलेले ते बोथट पाऊल पलंगावर, उशीवर, घरात नव्या आलेल्या आणि कुणालाच न आवडणाऱ्या पाहुण्यासारखे पडून असे. आता तिच्यासाठी भांडे होते. तो तिला त्यावर बसवी आणि बाहेर उभा राही, आणि झालं का, असे विचारण्याचे धैर्य त्याला होत नसे. शेवटी तीच आतून म्हणे, "विचार की. मेला नाहीस ना?"

संध्याकाळी तो दिवा जवळ ओढून स्टुलावर बसला आणि पट्टी सोडू लागला. वेढा सुटला तसा वास आला. रक्ताचा, औषधाचा, बंद राहिलेल्या कातडीचा. त्याने डोळे मिटले नाहीत. तो वाकला, इतका की नाक टाक्यांपासून वितीवर आले, आणि नाकाने हळू, लांब श्वास घेतला. प्रभू, हे घाणेरडे आहे, तो मनात म्हणाला. मला हे नको आहे. याखेरीज माझ्याकडे आणायला काही नाही. पलीकडून काहीच आले नाही. ना झुळूक, ना शांती. समोर टाके होते, आणि एका टाक्याची कड किंचित लाल होती. काल ती तशी नव्हती.

"काय हुंगतोयस इतका वेळ?" आई म्हणाली.

"लाल झालंय इथे. वास मात्र कालचाच आहे."

"बघू. मला दिसत नाही. आरसा आण."

त्याने आरसा धरला. दोघांनी मिळून ती लाल कड पाहिली; आई एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने.

"सकाळी दाखवून येऊ," ती म्हणाली. "ताईला फोन कर."

"करतो," तो म्हणाला, आणि तेवढ्यात ओकारी वर आली. पट्टीचे टोक तिच्या हातात देऊन तो बेसिनकडे धावला. नळ वाहण्याचा आवाज येत राहिला. त्यावरून आईचा आवाज आला, चिडका आणि स्पष्ट.

"अर्धंच गुंडाळलंयस. मी किती वेळ धरून बसू?"

त्याने तोंड धुतले, हात पुन्हा साबणाने धुतले, आणि परत जाऊन बसला.